सर्वानुमते

सोमवारी न्हाव्यांची दुकानं बंद असतात, म्हणून बाबांनी कटिंग मंगळवारवर टाकली. त्या सोमवारात याहून मोठं काही घडलं नाही. सकाळी नळाला पाणी आलं, आईनं टाकी भरून घेतली, मी खोलीत लॅपटॉप उघडून बसले ती जेवायला तेवढी उठले. दुपारी एक मिटिंग चालू असताना बाबा दार लोटून आत आले. कॅमेऱ्यात दिसू नये म्हणून ते वाकून, जवळजवळ रांगत कपाटापर्यंत गेले, खालच्या कप्प्यातून नेलकटर काढलं आणि तसेच मागे सरकत बाहेर पडले. पडद्यावर माझ्या खांद्यामागून त्यांचं टक्कल तेवढं उगवलं आणि मावळलं. बंगळुरूचा एक जण हसला. मी कॅमेरा बंद केला, तर लगेच निरोप आला, कॅमेरा चालू ठेवा, आपण सगळे इथे मनापासून हजर आहोत. मी चालू केला. श्रीगोंद्यातल्या त्या खोलीत, पंख्याच्या वाऱ्यानं फडफडणाऱ्या कॅलेंडरपुढे, मी मनापासून हजर होते.

संध्याकाळचा चहा ओट्यावर व्हायचा. बाबा प्लास्टिकच्या खुर्चीत, आई पायरीवर, मी उंबऱ्याशी चौकटीला टेकून. साथीच्या वर्षी घरून काम सुरू झालं तेव्हापासूनचा हा नेम होता. मी ऑफिसचं रडगाणं गायचं आणि बाबांनी ते ऐकायचं. त्यांचं ऐकणं म्हणजे एक ताप होता. ते एका साखर कारखान्यात लघुलेखक होते. नोकरीभर दुसऱ्यांच्या तोंडचे शब्द टिपून घेतलेले, त्यामुळे त्यांना कुठल्याही गोष्टीचा सारांश चालत नसे. तो मला टोमणा मारत होता, असं मी म्हटलं की ते म्हणायचे, “टोमणा आहे की नाही ते मी ठरवीन. तू शब्द सांग.” मग मी शब्द सांगायचे, आणि सांगता सांगता माझ्याच लक्षात यायचं की शब्दांत काहीच नव्हतं, सगळं त्यांच्या मधल्या जागेत होतं, आणि ती जागा बाबांना कशी सांगायची ते मला कळायचं नाही. मला वैताग यायचा. आधी ऑफिसचा, मग बाबांचा. त्या सोमवारी विषय माझ्या साहेबाचा, सुहासचा होता.

“सुहास म्हणाला, उद्याच्या बैठकीत तुझ्या टीममधून खालच्या खणात एक नाव द्यावं लागेल. म्हणाला, कुणाचं ते तू ठरव, पण रामहरीचं दिलंस तर सोपं पडेल.”

“सोपं कुणाला?”

“ते नाही सांगितलं त्यानं.”

“मग तू काय म्हणालीस?”

“काही नाही.”

बाबांनी बशीतला शेवटचा घोट घेतला. “सर्वानुमते मंजूर,” ते म्हणाले, आणि कप बशीवर पालथा घातला. हे त्यांचं नेहमीचंच. मला हसू यायचं बंद झालं होतं, आई मात्र दर वेळी हसायची. मग त्यांनी उद्या पुंजारामकडे जाऊन केस कापून येतो म्हणून जाहीर केलं, आणि आई म्हणाली, “आहेत किती, कापायचे किती.” बाबा म्हणाले, “तू मोजून दे, मी पावती घेतो.” एवढंच. मी पहाटेच्या गाडीची तयारी करायला आत गेले.

आमची कंपनी मोठी आहे. इतकी मोठी, की कर्मचाऱ्यांचं म्हणणं ऐकण्यासाठी तिच्यात एक वेगळा विभाग आहे. तो दर तिमाहीला एक प्रश्नावली पाठवतो, तीत तुमचं नाव कुणालाही कळणार नाही असं ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, आणि पंधरा दिवसांनी सुहास आम्हाला खोलीत बसवून विचारतो, ‘वरचे लोक आमचं ऐकत नाहीत’ हे आपल्यापैकी कुणी लिहिलं? विचारतो हसून. आम्हीही हसतो. सुहास वाईट माणूस नाही, हे मला पुन्हा पुन्हा स्वतःला सांगावं लागतं. माझ्याहून लहान, पुण्यातच वाढलेला, कुणाच्या मुलाला ताप आला तर स्वतःहून डॉक्टरचा नंबर पाठवणारा. पण वर्षाच्या सुरुवातीला त्याच्याकडे माणसांना कामाप्रमाणे वरखाली बसवायच्या खणांचा तक्ता येतो, आणि मग तो तक्ताच त्याच्या तोंडून बोलायला लागतो. प्रत्येक टीममधला निदान एक माणूस सगळ्यात खालच्या खणात गेलाच पाहिजे असा नियम आहे. कामं सगळ्यांची चांगली झाली असली तरी. कुणीतरी कमी असल्याशिवाय बाकीचे जास्त कसे ठरणार, असं मला एकदा समजावण्यात आलं होतं. एका वर्षी खाली गेलेल्याची पगारवाढ जाते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी गेला तर त्याला सुधारणेची योजना मिळते. त्या योजनेतून सुधारून परत आलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही.

आणि म्हणून आम्ही, टीम सांभाळणाऱ्यांनी, आपापसांत एक रीत पाडून घेतली होती. ती कुठे लिहिलेली नाही. खालच्या खणात त्याला टाकायचं, ज्याला त्या वर्षी फारसं लागणार नाही. माझ्या टीममधली मनवा बाळंतपणाच्या रजेवर होती त्या वर्षी ती त्या खणात गेली, कारण तिचं लक्ष बाळात असेल. गेल्या वर्षी रामहरी गेला, कारण तो नवा होता आणि नव्या माणसाला नियम कळेपर्यंत वर्ष निघून जातं. लग्न ठरलेले, घर बदलणारे, आजारातून उठलेले, असे आम्ही हेरून ठेवायचो. लग्नाच्या पेढ्याचा पुडा फिरला की एखादा म्हणायचा, चला, यांच्याकडची सोय झाली. मी पेढा खाल्लेला आहे. चांगला होता.

यंदा मनवा सगळ्यांच्या पुढे आणि धवलकडे सगळ्यात मोठा ग्राहक. उरला रामहरी. काम चोख, पण मिटिंगमध्ये बोलत नाही. तक्त्यात त्याच्या नावापुढे सुहासनं लिहून ठेवलं होतं, ‘आवाज कमी’. रामहरी पाथर्डीकडचा. आईबाप ऊसतोडीला जाणारे, हा शिष्यवृत्तीवर शिकलेला. इंग्रजीत वाक्य जुळवेपर्यंत मिटिंग पुढच्या विषयावर गेलेली असते. आवाज माझाही कमीच आहे. पण माझ्या गप्प बसण्याला तक्त्यात ‘परिपक्व’ म्हणतात.

मंगळवारी पुण्याच्या ऑफिसात बैठकीच्या खोलीबाहेर वेताची टोपली ठेवलेली होती. नावं बाहेर फुटू नयेत म्हणून सगळ्यांनी आपापले फोन तीत टाकायचे, ही दोन वर्षांपूर्वी आलेली पद्धत. माणसांचे फोन टोपलीत, आणि टेबलाच्या मध्यभागी मात्र ते नवं ऐकणारं यंत्र, जे बोललेलं सगळं टिपून संध्याकाळी त्याचा सारांश पाठवतं. सुहासला त्याचं फार कौतुक. आता कुणाला लिहीत बसायला नको, तो म्हणतो. टोपली मग कुणीतरी आत आणून कोपऱ्यात ठेवली. बैठक सुरू झाल्यावर थोड्या वेळानं टोपलीतला एक फोन थरथरायला लागला. वेतावर तो कडकड वाजत होता. थांबला, पुन्हा सुरू झाला, पुन्हा थांबला. “टोपलीला थंडी भरून आलीय,” सुहास म्हणाला. सगळे हसले. मीही हसले. चहासाठी उठलो तेव्हा मी माझा फोन घेतला. ‘पुंजाराम कटिंग’, ‘पुंजाराम कटिंग’, मग आई, मग पुन्हा पुंजाराम.

“ताई, कवाधरनं लावतोय,” पुंजाराम म्हणाला. त्याच्यामागे दुकानातला रेडिओ अजून चालूच होता. “काका पेपर वाचीत बसल्ते बाकड्यावर. आदी दोगं हुते, म्हनलं काका बसा, तर म्हनले मला कुटं मिटिंगला जायचंय. नंबर आला म्हून हाक मारली, तर उठलेच न्हाईत. मला वाटलं डुलकी लागली. पेपर हातातच हुता, ताई. पडला सुदिक न्हाई.”

मी त्याला विचारलं, शेवटचं काय म्हणाले? तो म्हणाला, सांगितलं की, मला कुठं मिटिंगला जायचंय म्हणाले. मी पुन्हा विचारलं, अगदी असंच म्हणाले? शब्द हेच होते? पलीकडे त्यानं रेडिओ बंद केला. मला काहीतरी झालंय असं त्याला वाटलं असणार. “व्हय ताई,” तो हळूच म्हणाला, “ह्येच.”

सुहासनं मला गाडी करून दिली, पैसे दिले, दाराशी येऊन म्हणाला, “तुझ्या टीमचं आपण नंतर करू. त्याचा विचारसुद्धा करू नकोस.” दौंडच्या पुढे रस्त्याला उसाच्या ट्रॉल्या लागल्या, एकामागे एक, आणि गाडीवाला हॉर्न देऊन थकला. मी त्याचा विचारसुद्धा करत नव्हते. मी त्या टोपलीचा विचार करत होते.

संध्याकाळी बाबांना हॉलमध्ये ठेवलेलं असताना यंत्राचा सारांश आला. फोन मीच चालू ठेवला होता, नातेवाईक रस्ता विचारत होते. ‘सर्व उपस्थितांनी निकषांवर सहमती दर्शवली. सुमेधा आपल्या टीममधील नाव कळवतील.’ उपस्थितांत माझंही नाव होतं. मी त्या खोलीत एक शब्दही बोलले नव्हते. माझ्या हसण्याचीच सहमती धरली असेल. समोर बाबा, त्यांच्या टकलाभोवतीची ती न कापलेली पांढरी झालर, आणि रोहिणीआत्या त्यांच्या उशाशी बसून आल्यागेल्याला सांगत होती, “मंगळवारी कुणी जातं का केस कापायला? लहानपणापासनं सांगतोय आम्ही त्याला.” मला तिचा राग यायला हवा होता. पण मी तो सारांश पुन्हा वाचत होते आणि मला बाबांच्या टाइपरायटरचा आवाज ऐकू येत होता.

कारखान्याच्या वार्षिक सभेचं इतिवृत्त बाबा सभेच्या आदल्या दिवशीच टाइप करायचे. त्यात लपवाछपवी काही नव्हती, तशी पद्धतच होती. विषय ठरलेले, सूचक ठरलेले, अनुमोदक ठरलेले. कार्यालयातून कागद घरी आणून ते जेवणाच्या टेबलावर मशीन मांडायचे, आणि मी समोर गृहपाठ करत असायचे. विषय क्रमांक एक, अमुक अहवाल वाचून कायम करणे, ठराव सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक दोन. ‘सर्वानुमते मंजूर’ला त्यांची बोटं बघावीच लागत नसत, त्या दोन शब्दांचा एक ठराविक ताल होता, मी तो डोळे मिटून ओळखायचे. दुसऱ्या दिवशी मंडपात माईकवरून विषय वाचायला लागले की वाक्य संपायच्या आत पुढच्या रांगांतून आरोळी उठायची, मंजूर, मंजूर, मंजूर. एकदा लहानपणी मी बाबांबरोबर गेले होते. ते मंचाच्या कडेला छोट्या टेबलाशी, हातात टोक केलेली पेन्सिल, समोर वही, आणि त्या वहीत काही लिहायचंच नव्हतं.

एक प्रसंग ते वारंवार सांगायचे. तोही वैताग येईपर्यंत. एका सभेत शेवटच्या रांगेतून एक म्हातारा सभासद उठला. टोपी काढून हातात धरली आणि बोलायला लागला. माईक त्याच्यापर्यंत गेला नाही, पुढचे लोक मंजूर मंजूर करत होते. “तोंड हललेलं मी पाहिलं,” बाबा म्हणायचे. “बराच वेळ हलत होतं. शब्द एकही आला नाही. आता काय लिहिणार?” मी शाळेत असताना विचारायचे, मग तुम्ही काय केलंत? पुढे कॉलेजात गेल्यावर मी विचारायचे, तुम्ही निदान उठून जवळ का गेला नाहीत? त्यावर ते म्हणायचे, “माझं काम लिहायचं. बोलायचं नव्हे.” आणि मग, मी नोकरीला लागल्यानंतर, त्याला आणखी एक वाक्य जोडलं गेलं, “तुला तर बोलायचाच पगार आहे.” हे मला फार लागायचं. कारण मला ज्याचा पगार होता ते नक्की काय, ते मला सांगता येत नव्हतं. हाताखालची माणसं काय करतात ते वरच्यांना सांगायचं आणि वरच्यांना काय हवंय ते खाली सांगायचं. म्हणजे मीही लघुलेखकच झाले होते, फक्त लिपी न शिकता. हे मी त्यांना कधी बोलून दाखवलं नाही. चांगलं वाक्य होतं, त्यांना आवडलं असतं, शब्द नीट आहेत म्हणाले असते.

कंपनीची दुखवट्याची रजा कामाचे पाच दिवस, तो मंगळवार धरून. अर्जात नातं निवडायचं असतं, त्या यादीत वडील सापडायला मला वेळ लागला, कारण यादी मुळाक्षरांनुसार होती आणि ती मुळाक्षरं आपली नव्हती. अर्ज पाठवताच एक फूल आलं. पडद्यावर उमललं आणि विरून गेलं. खाली वाक्य, ‘या काळात आम्ही तुमच्यासोबत आहोत. तुमचा अनुभव कसा होता? पाचपैकी तारे द्या.’ तारे कशाचे, रजेच्या अर्जाचे की मरणाचे, ते स्पष्ट केलेलं नव्हतं. पाच दिवस संपले त्या सकाळी, मी हातही न लावता, ऑफिसच्या पडद्यावर माझ्या नावाशेजारचा ठिपका लाल होता तो हिरवा, म्हणजे ‘हजर’, झाला. घरात अजून दहावा व्हायचा होता. अग्नी मी दिला होता, म्हणून सुतकाचे सगळे नियम माझ्या गळ्यात, आणि आत्या ते पाळून घेत होती. लॅपटॉपचं झाकण उघडलं तशी ती दारात येऊन उभी राहिली. “काय बाई, सुतकात देवपूजा बंद, आणि हिची पूजा चालू.” आई म्हणाली, “राहू द्या वन्सं. तिचं मन रमेल.” मन रमवायला मी तो ठिपका पुन्हा लाल करता येतो का ते शोधत होते. येत नव्हता.

त्याच दिवशी दुपारी रामहरी आला. एसटीनं, एकटाच, हातात केळी. बाकीच्यांनी फुलं पाठवली होती, पडद्यावरची. तो ओट्यावर बसायला लागला आणि नेमका बाबांच्या खुर्चीशी थबकला, मग पायरीवर बसला. कुणी सांगितलं नव्हतं. आईनं विचारलं, कुठले तुम्ही, आणि ऑफिसात एक इंग्रजी वाक्य धड न फेकणारा हा मुलगा आईशी बोलायला लागला तो थांबेना.

“आमी पाथर्डीचे. पण लहानपनी हितंच हुतो की, ह्या पट्ट्यात. आईबापाची टोळी यायची, हितल्याच कारखान्यावर पाचटाची कोपी करून ऱ्हायचो. सहा म्हैने हितं, सहा म्हैने तिकडं. शाळा दोन्ही गावात, आन् अभ्यास एकातबी न्हाई.”

“आणि आता कंप्युटरवर,” आई म्हणाली.

“हितं कोयता न्हाई एवढंच. मुकादम हायेच.” मग त्यानं माझ्याकडे पाहून जीभ चावली. “तुमी न्हाई, ताई. वरचे.”

आई हसली. बाबा गेल्यावर पहिल्यांदा हसली. मी त्याला विचारलं, तू मिटिंगमध्ये असा का बोलत नाहीस. तो केळ्यांच्या घडाकडे बघत म्हणाला, “काय बोलू? आदीच ठरल्यालं असतं सगळं. घरी आई म्हनती, लई बडबड करतो, जरा गप ऱ्हा. हापिसात म्हनतेत, बोल.” मग ऑफिसच्या मराठीत, जपून, त्यानं विचारलं, “मॅडम, यंदाचं माझं काही कळलं का? गेल्या वर्षी नवा होतो म्हणाले. म्हणजे, दुखवट्यात विचारू नये. पण बहिणीचं लग्न ठरवायचंय, ते माझ्या नोकरीकडं बघूनच होकार देतायत.”

मी म्हणाले, अजून काही ठरलेलं नाही. हे खरं होतं. तो गेल्यावर मी त्याच्या बसण्यानं पुसली गेलेली पायरी बघत राहिले, बाकीच्या ओट्यावर धूळ तशीच होती, सुतकात कुणी धड झाडलं नव्हतं. सहा महिने इथे. म्हणजे ज्या वर्षी मी मंडपात मंचाच्या कडेला बसून बाबांच्या कोऱ्या वहीकडे बघत होते, त्याच्यानंतर कधीतरी, कारखान्याच्या त्याच भोंग्यावर जागा होणारा एक मुलगा. बाबा असते तर म्हणाले असते, योगायोग आहे, त्यात वाङ्मय शोधू नकोस. मी शोधत नव्हते. मला एवढंच दिसत होतं की त्याला लागणार होतं. आमच्या रीतीत बसत नव्हतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कॉल लागला. सुहास, मनुष्यबळ विभागाची अनन्या, आणि कोपऱ्यातल्या चौकोनात ते टिपणारं यंत्र, ज्याला चेहरा म्हणून तीन उड्या मारणारे ठिपके दिलेले आहेत. सुहासनं आता त्यात एक नवी सोय करून घेतली होती. पूर्वी सारांश संध्याकाळी यायचा, आता बोलणं चालू असतानाच तो पडद्याच्या उजव्या बाजूला उमटत जातो.

“कशी आहेस? आई कशा आहेत?” सुहासनं विचारलं. त्याच्या आवाजात खोटं काही नव्हतं. “तुला या वेळी त्रास द्यायला मला अगदी नको वाटतंय. पण तक्ता आज बंद होतोय.”

“मला रामहरीचं नाव द्यायचं नाहीये,” मी म्हणाले. मी एवढं बोलले याचंच मला नवल वाटलं.

“मला वाटलंच होतं,” तो म्हणाला. “म्हणून मी आणि अनन्यानं एक मार्ग काढलाय. बघ तुला पटतोय का. टीम सांभाळणाराही टीममध्ये धरला जातो. म्हणजे तुझं नाव दिलं तरी नियम पाळला जातो. तुझं पहिलंच वर्ष असेल, योजनाबिजना काही नाही. आणि यंदा तुझ्यावर जे आलंय, त्यामुळे कुणी प्रश्नही विचारणार नाही. सगळे समजून घेतील.”

“खूप संवेदनशीलपणे हाताळू आम्ही,” अनन्या म्हणाली. “कारणात ‘वैयक्तिक हानी’ असं घालता येतं.”

म्हणजे यंदा पेढा माझ्या घरचा होता. मला राग आला नाही, हे विचित्र. उलट एक सुखाची कळ आली. रामहरी वाचतो, बहिणीचं लग्न होतं, मी गप्प बसते, आणि माझं गप्प बसणं या खेपेला थोर ठरतं. आयुष्यभर जे भीतीनं केलं ते एकदा तरी उदारपणे केलं असं होईल. आत्या आत कुणाला तरी सांगत होती, पोरीनं मुलासारखं केलं हो सगळं. मी मान हलवणारही होते. मान हलवायला काही लागत नाही, मानेला सवय होती. पण पुढच्या वर्षी पुन्हा तक्ता येणार. धवलचं लग्न व्हायचंय. मनवाच्या वडिलांचं ऑपरेशन आहे. पुन्हा आम्ही हेरत बसणार, कुणाच्या घरी काय झालंय, आणि बाबांचं मरण त्या रीतीत एक उदाहरण म्हणून जमा होणार, सुमेधाच्या वेळी नाही का आपण केलं. मी हा विचार करत होते, म्हणजे गप्प होते, आणि पडद्याच्या उजव्या बाजूला ठिपके उड्या मारून थांबले आणि एक ओळ उमटली. ‘सुमेधा यांनी सहमती दर्शवली.’

मी अजून तोंड उघडलं नव्हतं.

त्या ओळीकडे मी बघत राहिले. टाइपरायटरचा तो ताल मला अगदी जवळ ऐकू आला, जेवणाच्या टेबलावर, आदल्या दिवशीच. मंडप दिसला. शेवटच्या रांगेत टोपी हातात धरून उभा राहिलेला म्हातारा दिसला, जो मी कधीच पाहिला नव्हता, आणि त्याचं हलणारं तोंड. तो काय म्हणत होता हे बाबांना मरेपर्यंत कळलं नाही. मला वाटतं, ते रोज संध्याकाळी मला ‘तू काय म्हणालीस’ असं जे विचारायचे ते त्यालाच विचारत असतील. निदान तू तरी मला ऐकू येईल एवढ्या अंतरावर आहेस, असं काहीतरी. पण हे वाङ्मय झालं. ते विचारायचे आणि चहा संपवायचे.

“मग असं करूया ना?” सुहास म्हणाला. “मी बंद करतो तक्ता.”

लॅपटॉप उचलून मी उठले. अनन्या म्हणाली, मॅडम, चित्र हलतंय. मी हॉलमधून, आत्याच्या आणि दिव्याच्या मधून, ओट्यावर आले. आई पायरीवर तांदूळ निवडत होती. खुर्ची तिथेच होती. मी लॅपटॉप खुर्चीवर ठेवला आणि स्वतः चौकटीला टेकून उभी राहिले, रोज राहायची तशी.

“नामंजूर,” मी म्हणाले.

आवाज मला वाटला त्याहून मोठा आला. आईचा हात सुपात थांबला.

“सॉरी?” सुहास म्हणाला. “रस्त्याचा आवाज येतोय. तू काय म्हणालीस?”

सगळे शब्द नीट हवे होते, म्हणून मी सावकाश बोलले. “नामंजूर म्हणाले मी. माझं नाव नामंजूर, रामहरीचं नामंजूर. माझ्या टीममधून खालच्या खणात कुणीही जाणार नाही, आणि मी कुणाचंही नाव देणार नाही. या बैठकीत सहमती झालेली नाही. ती ओळ काढून हे लिहा, आणि लिहिल्यावर मला वाचून दाखवा.”